डोळ्यांपुढचे तरंगते ठिपके: ताटाचा विचार करण्याआधी

प्रश्न : मी ४९ वर्षांची असून सातारा जिल्ह्यातील एका शाळेत शिक्षिका आहे. शाळकरी वयापासून चष्मा आहे आणि दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे सातच्या आसपास आहे. गेल्या तीन आठवड्यांपासून उजव्या डोळ्यापुढे कोळ्याच्या जाळ्याचा तुकडा तरंगावा तसे काहीतरी आणि चार-पाच काळे ठिपके दिसतात. वह्या तपासताना किंवा आकाशाकडे पाहताना ते अधिक जाणवतात. नीट पाहू गेले की बाजूला सरकतात. रात्री दिवा मालवल्यावर कधीकधी डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखे वाटते. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासून घेतला, तो बदललेला नाही. मला वर्षभरापासून मधुमेहाची गोळी सुरू आहे. बहीण म्हणते, रोज अननस खा, ठिपके विरघळतात. मैत्रिणीने डोळ्यांची शक्ती वाढवणारी एक महागडी पावडर सुचवली आहे. दीर म्हणतात, पाणी कमी पितेस म्हणून हे झाले. मी रोज सकाळी शीर्षासन करते, ते सुरू ठेवू का? माझ्या बारा वर्षांच्या मुलीचा नंबरही उणे साडेतीनवर गेला आहे. आम्ही दोघींनी काय खावे, काय टाळावे, आणि तिला पुढे हा त्रास होऊ नये म्हणून काय करावे, ते कृपया सांगावे.

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

आपण आहाराविषयी विचारले आहे आणि त्याचे सविस्तर उत्तर मी पुढे देणारच आहे. परंतु आपल्या पत्रातील एका वाक्यामुळे मला क्रम बदलावा लागतो आहे. नव्याने दिसू लागलेले ठिपके, त्यांच्या जोडीला अंधारात कडेला चमकणारा प्रकाश आणि उणे सातचा नंबर, या तीन गोष्टी एकत्र असताना डोळ्याच्या आतील पडद्याची, म्हणजे दृष्टिपटलाची, तपासणी शक्यतो उद्याच झाली पाहिजे. हे पत्र आपल्या हाती पडेपर्यंत ती झाली असेल तर उत्तमच. नसेल तर साताऱ्यातील किंवा जवळच्या शहरातील नेत्रतज्ज्ञांकडे आधी जावे आणि बाकीचे उत्तर परत आल्यावर वाचावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

चष्म्याच्या दुकानात नंबर तपासला गेला, दृष्टिपटल नव्हे. नंबर तोच राहूनही दृष्टिपटलाच्या कडेला चीर पडलेली असू शकते, आणि दृष्टिपटलाला वेदना जाणवत नसल्यामुळे ती चीर दुखत नाही, डोळा लाल होत नाही, पाणीही येत नाही. दुखत नाही म्हणजे गंभीर नसावे, हा समज इतर अनेक आजारांत थोडाफार चालून जातो. येथे तो दृष्टीवर बेततो. आपल्याला चीर पडलेलीच आहे, असे माझे म्हणणे नाही. असे ठिपके आणि चमक अचानक सुरू होऊन तपासणीसाठी आलेल्या दहा जणांपैकी साधारण एकाला दृष्टिपटलात चीर आढळते, म्हणजे बहुतेकांना ती नसते. पण आपण कोणत्या गटात आहात, हे डोळ्याची बाहुली मोठी करून आत पाहिल्याशिवाय कोणालाही सांगता येत नाही.

तपासणी अवघड नाही. डोळ्यांत थेंब घालून अर्ध्या-पाऊण तासाने बाहुली मोठी झाली की डॉक्टर कपाळावर प्रखर दिवा असलेले उपकरण लावून, हातात भिंग धरून दृष्टिपटल पार कडेपर्यंत पाहतात. क्वचित पापणीवरून डोळा हलकेच दाबावा लागतो, कारण चिरा बहुधा अगदी कडेला असतात. थेंबांचा परिणाम चार ते सहा तास राहतो, त्या काळात जवळचे धूसर दिसते आणि उजेड सहन होत नाही, म्हणून स्वतः गाडी चालवत जाऊ नये, सोबत कोणालातरी न्यावे. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील नेत्रविभागातही ही तपासणी होते. केसपेपर काढताना मात्र केवळ ‘डोळे तपासायचे आहेत’ असे न सांगता ‘तीन आठवड्यांपासून ठिपके दिसतात, चमक दिसते, नंबर उणे सात आहे आणि मधुमेह आहे’ असे पूर्ण सांगावे. त्यामुळे आपल्याला नंबर तपासणीच्या रांगेत न बसवता थेट दृष्टिपटलाच्या तपासणीला पाठवले जाण्याची शक्यता वाढते.

चीर सापडलीच तर तिच्या भोवती लेझरने टाके घातल्यासारख्या खुणा करून ती जागेवर पक्की करता येते. बाह्यरुग्ण विभागातच हे होते आणि आपण त्याच दिवशी घरी येता. चीर दुर्लक्षित राहिली तर तिच्यातून द्रव मागे शिरतो आणि दृष्टिपटल आपल्या जागेवरून सुटते, मग मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. गेल्या शतकाच्या प्रारंभापर्यंत सुटलेले दृष्टिपटल म्हणजे जवळजवळ कायमचे अंधत्व असे. १९२० च्या दशकात स्वित्झर्लंडमधील लोझान येथील ज्यूल गोनँ या नेत्रवैद्याने या आजाराचे मूळ चिरेत आहे आणि ती चीर बंद केली तर दृष्टी वाचते, हे दाखवून दिले. आजचे सारे उपचार त्याच तत्त्वावर उभे आहेत, आणि म्हणूनच वेळेला इतके महत्त्व आहे. तपासणीत सर्व ठीक निघाले तरी चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा एकदा दाखवावे लागते, कारण काही चिरा उशिरा पडतात. मधल्या काळात ठिपक्यांचा अचानक पाऊस पडल्यासारखे झाले, काजळी पसरल्यासारखे दिसू लागले, एखाद्या बाजूने काळा पडदा पुढे येतो आहे असे वाटले किंवा नजर एकदम कमी झाली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ठिपक्यांबरोबर डोळा लाल होऊन दुखू लागला आणि उजेड सहन होईनासा झाला, तर ती डोळ्याच्या आतील दाहाची चिन्हे असू शकतात. त्याची कारणे वेगळी, आपल्याकडे कधीकधी क्षयरोगही असतो, आणि त्यावरचे उपचारही वेगळे आहेत.

आता हे ठिपके असतात तरी काय, ते पाहू, कारण त्याशिवाय अननसाचा आणि पावडरीचा निवाडा करता येणार नाही.

नेत्रगोलाचा सुमारे चार-पंचमांश भाग एका पारदर्शक द्रव्याने भरलेला असतो. दिसायला व हाताला ते कच्च्या अंड्यातील पांढऱ्या बलकासारखे असते. एका डोळ्यात ते साधारण चार मिलिलिटर भरते. त्यात ९८ टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि उरलेल्या अल्प भागात कोलॅजेनचे अतिसूक्ष्म तंतू व त्यांना एकमेकांपासून अलग ठेवणारे हायलुरोनिक आम्ल असते. तरुणपणी हे तंतू समान विखुरलेले असल्याने प्रकाश अडत नाही. वय वाढते तशी ही घडी विस्कटते: काही ठिकाणी द्रव्य पातळ होते, काही ठिकाणी तंतू एकत्र येऊन त्यांच्या गुठळ्या व दोरे बनतात, आणि त्यांची सावली दृष्टिपटलावर पडते. आपल्याला ठिपका दिसतो, तो प्रत्यक्षात ही सावली असते. डोळा वळवला की द्रव्य हेलकावते आणि सावली निसटते, म्हणून तिच्याकडे रोखून पाहता येत नाही. पांढरी वही किंवा मोकळे आकाश समोर असले की ती उठून दिसते. पुढे एक टप्पा असा येतो, की पातळ झालेले हे द्रव्य आकसून दृष्टिपटलापासून सुटते. पन्नास ते सत्तर या वयात हे बहुतेकांच्या बाबतीत घडते आणि सुटताना जिथे ते घट्ट चिकटलेले असते तिथे ताण बसतो. अंधारात आपल्याला दिसणारी चमक बहुधा याच ताणाची आहे, आणि चीर पडते तीही यामुळेच.

आपल्या वयाच्या मानाने हे थोडे लवकर का व्हावे, याचे उत्तर चष्म्याच्या नंबरात आहे. प्रौढ माणसाचा डोळा पुढून मागे सुमारे २४ मिलिमीटर लांब असतो. मायनस नंबरचा डोळा त्याहून लांब वाढलेला असतो, आणि ढोबळमानाने एका जादा मिलिमीटरमागे अडीच ते तीन नंबर चढतो. लांबलेल्या डोळ्यातील द्रव्य लवकर पातळ होते आणि दृष्टिपटलही ताणले जाऊन कडेला विरळ होते. लेझरने नंबर काढून टाकलेल्या अनेकांना वाटते की आता हा धोका टळला. तो टळत नाही; त्या शस्त्रक्रियेत बुबुळाचा पुढचा बाक बदलतो, डोळ्याची लांबी तेवढीच राहते. आपल्या ओळखीत असे कोणी असेल तर हे त्यांना जरूर सांगावे.

या पार्श्वभूमीवर पहिली गोष्ट स्पष्टपणे सांगतो. एकदा बनलेली तंतूंची गुठळी विरघळवील असा कोणताही अन्नपदार्थ, काढा, चूर्ण किंवा थेंब आज उपलब्ध नाही, आणि वयानुसार होणारा हा बदल पूर्णपणे थांबवील असा आहारही नाही. ही गोष्ट निराश करणारी वाटेल, पण ती आधी मान्य केली तर खरोखर उपयोगाच्या आहाराकडे स्वच्छ नजरेने पाहता येते.

अननसाची कथा तैवानमधून आली. तेथे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन महिने रोज अननसाच्या फोडी खाणाऱ्यांचे ठिपके कमी झाल्याचे म्हटले होते, आणि तेव्हापासून तो सल्ला व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. त्या अभ्यासाच्या पद्धतीवर नेत्रतज्ज्ञांनी गंभीर आक्षेप घेतले, आणि ते मला पटतात. अननसातील ब्रोमेलेन हे विकर प्रथिनांचे विघटन करते हे खरे. पण ते खाल्ल्यावर त्याचा बराचसा भाग पोटात पचतो, आणि रक्तातून डोळ्याच्या आत काय जाऊ द्यायचे यावर शरीराचा कडक पहारा असतो. शिवाय नव्याने आलेले ठिपके तीन महिन्यांत बऱ्याच जणांना आपोआपच कमी जाणवू लागतात, मग त्यांनी अननस खाल्लेला असो वा नसो. आपल्याला मधुमेह आहे, तेव्हा रोज वाटीभर अननस हा आपल्यासाठी नुसता निरुपयोगी नव्हे, तर साखर वाढवणारा सल्ला आहे. आवड म्हणून कधीतरी एखादी फोड खाण्यास हरकत नाही.

पावडरीविषयी थोडे अधिक लिहितो, कारण आपल्यासारखे अनेक वाचक त्यावर दरमहा मोठी रक्कम घालवत आहेत. अशा बहुतेक उत्पादनांच्या जाहिरातीत ‘अमेरिकेत सिद्ध झालेले सूत्र’ असे लिहिलेले असते. त्यामागे अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेच्या दोन मोठ्या चाचण्या आहेत. त्यांचे निष्कर्ष २००१ आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, जस्त, तांबे आणि नंतरच्या सूत्रात ल्युटीन व झियाझँथिन यांच्या ठरावीक मात्रांमुळे उतारवयातील मॅक्युला, म्हणजे दृष्टिपटलाचा मधला भाग, झिजण्याचा आजार मध्यम टप्प्यावरून तीव्र टप्प्यावर जाण्याचा धोका सुमारे पंचवीस टक्क्यांनी कमी झाला, असे त्यांत दिसले. त्या चाचण्या ठिपक्यांसाठी नव्हत्या, निरोगी डोळ्यांसाठीही नव्हत्या. ज्यांना तो आजार नाही त्यांना या गोळ्यांचा लाभ सिद्ध झालेला नाही, आणि जुन्या सूत्रातील बीटा कॅरोटिनमुळे धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो असे दिसल्याने ते पुढे वगळावे लागले. जीवनसत्त्वाची गोळी कधीच अपाय करत नाही, असे मानणाऱ्यांनी ही एवढी गोष्ट लक्षात ठेवावी. ठिपक्यांवर आहारपूरकाचा थेट प्रयोग झालेला आहे, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. डब्लिनमध्ये ६१ रुग्णांवर सहा महिने केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लायसीन, क जीवनसत्त्व, जस्त, द्राक्ष व नारिंगवर्गीय फळांचे अर्क यांचे मिश्रण घेणाऱ्यांना त्रास काहीसा कमी जाणवला. हा निष्कर्ष कुतूहल वाढवणारा आहे, पण एका लहान चाचणीवरून सर्वांना गोळी सुचवणे मला योग्य वाटत नाही. आपल्या मैत्रिणीने सुचवलेल्या पावडरीवर घटक व त्यांच्या मात्रा छापलेल्या नसतील, तर ती विकत घेऊ नये. छापलेल्या असतील, तर तो डबा तपासणीच्या दिवशी सोबत न्यावा आणि डॉक्टरांना दाखवावा.

दिरांच्या सल्ल्यामागे आपुलकी आहे, परंतु डोळ्यातील द्रव्याचे पाणी आपण किती तांबे पाणी प्यालो यावर ठरत नाही. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. उन्हाळ्यात आणि दिवसभर वर्गात बोलताना थोडे जास्त. त्याने ठिपके जाणार नाहीत. डोळ्यांत मध, गुलाबपाणी, तूप, कांद्याचा रस किंवा घरी केलेला कोणताही अर्क मात्र कधीही घालू नये. ठिपके असतात डोळ्याच्या अगदी आत; वरून घातलेला थेंब तेथे पोचत नाही, आणि अशा घरगुती थेंबांतून बुबुळाला जंतुसंसर्ग होऊन पांढरा डाग पडल्याची उदाहरणे आपल्या ग्रामीण भागात आजही घडतात.

मग आहाराचा उपयोग काहीच नाही का? आहे, आणि आपल्यासाठी तो फार मोठा आहे. फक्त तो ठिपक्यांवर नसून आपल्या मधुमेहावर आहे. वयोमानाने येणारे ठिपके, चीर पडलेली नसेल तर, त्रासदायक असले तरी निरुपद्रवी असतात. मधुमेहाने येणारे ठिपके वेगळे. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की दृष्टिपटलातील केशवाहिन्या कमकुवत होतात, नव्या नाजूक वाहिन्या उगवतात, त्या फुटल्या की रक्त डोळ्यातील द्रव्यात उतरते, आणि रुग्णाला काळे ठिपके, लाल-काळे धागे किंवा सगळीकडे धूर दिसू लागतो. हे ठिपके टाळणे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. ब्रिटनमधील टाईप दोन मधुमेहाच्या प्रदीर्घ अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले, साखर काटेकोरपणे ताब्यात ठेवणाऱ्या गटात डोळे व मूत्रपिंडांच्या सूक्ष्म वाहिन्यांची गुंतागुंत सुमारे चतुर्थांशाने कमी झाली होती, आणि त्या फरकात दृष्टिपटलावर लेझर करण्याची वेळ कमी वेळा आली, याचा वाटा मोठा होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्या प्रत्येकाने निदान होताच आणि त्यानंतर दरवर्षी दृष्टिपटल तपासून घ्यायला हवे. आपल्याला निदान होऊन वर्ष झाले आणि ही तपासणी झालेली दिसत नाही, म्हणजे उद्याच्या भेटीला हे दुसरे कारणही आहे.

ताटाचे बोलायचे तर साताऱ्याच्या घरातील जुने जेवण आपल्याला पुष्कळ आधार देईल. ज्वारी किंवा बाजरीची भाकरी, मटकी-मुगाची उसळ, एक पालेभाजी, काकडी-मुळ्याची कोशिंबीर, वाटीभर ताक किंवा दही, आणि भात असलाच तर तो शेवटी व थोडा. भाकरी चांगली म्हणून ती हवी तितकी खावी असे मात्र नाही; तीही पिष्टमय आहे, म्हणून ताटात उसळ आणि भाजी तिच्यापेक्षा अधिक असावी. शाळेतील शिक्षकांच्या खोलीत दिवसातून तीन-चारदा येणारा साखरेचा चहा आणि सोबतची बिस्किटे यांचा हिशेब बहुतेक जण धरतच नाहीत, आणि साखर ताब्यात न येण्याचे कारण पुष्कळदा तिथेच सापडते. उपवासाच्या दिवशीची साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि केळ्याचे शिकरण हे तिन्ही एका दिवशी आले तर तो उपवास मधुमेहासाठी मेजवानीपेक्षा भारी पडतो. वरी, राजगिरा, भाजलेले शेंगदाणे, ताक आणि काकडी यांवर तो दिवस निभावता येतो. मात्र गोळी घेऊन दीर्घकाळ उपाशी राहण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी ही चाचणी करून घ्यावी आणि ती साधारण सात टक्क्यांच्या आत ठेवण्याचे उद्दिष्ट आपल्या बाबतीत योग्य आहे का, हे त्यांच्याशी बोलून ठरवावे. रक्तदाबही मोजावा, कारण साखर आणि रक्तदाब दोन्ही वाढलेले असतील तर दृष्टिपटलाचे नुकसान झपाट्याने होते. त्यासाठी पापड, लोणचे आणि पाकिटातील फरसाण यांतील मीठ कमी करणे, हा सर्वांत साधा उपाय आहे.

शेवगा, मेथी, पालक, राजगिरा, चाकवत, लाल भोपळा, गाजर, पपई, मका आणि चालत असेल तर अंड्याचा बलक, यांतून डोळ्यांना लागणारी अ जीवनसत्त्वाची द्रव्ये आणि ल्युटीन मिळतात. मासे खात असल्यास बांगडा-तारली उत्तम. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने रातांधळेपणा येतो, लहान मुलांची दृष्टीसुद्धा जाते, म्हणून या भाज्या घरात असाव्यातच. परंतु गाजराने नंबर उतरतो किंवा ठिपके जातात, असे कोणी म्हटले तर ते मानू नये.

तंबाखूविषयी आपण काही लिहिलेले नाही. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल किंवा मशेरी लावत असेल, तर ती सोडण्याइतका दृष्टीच्या हिताचा दुसरा बदल मी सुचवू शकत नाही. धूम्रपानाने मोतीबिंदू आणि मॅक्युलाची झीज या दोन्हींचा धोका वाढतो.

शीर्षासन सध्या बंद ठेवावे. त्या आसनात डोळ्यातील दाब जवळपास दुप्पट होतो, हे मोजमापांनी सिद्ध झालेले आहे, आणि मोठा मायनस नंबर असलेल्यांना काचबिंदूचा धोका मुळातच अधिक असतो. दृष्टिपटलाची तपासणी होईपर्यंत सर्वांगासन, जड वजन उचलणे आणि झटके बसणारे व्यायामही टाळावेत. चालणे, साधी आसने आणि प्राणायामाचे सौम्य प्रकार सुरू ठेवावेत. मधुमेहासाठी ते आवश्यकच आहेत. त्राटक करून ठिपके जात नाहीत, आणि सूर्याकडे पाहून केलेल्या त्राटकाने दृष्टिपटल कायमचे भाजू शकते.

डोळ्याला मार लागणे हे चिरेचे आणखी एक कारण आहे आणि त्याकडे आपण पुरेसे गांभीर्याने पाहत नाही. विटीदांडूतील विटी, बॅडमिंटनचे फूल, टेनिस चेंडूवरचे क्रिकेट, दिवाळीतील फटाके, लाकूड फोडताना उडालेली ढलपी, यांतून डोळे गमावलेली माणसे प्रत्येक तालुक्यात आढळतील. आपल्या नंबरच्या डोळ्याला तर मध्यम मारही पुरेसा होतो. अशा कामाच्या वेळी मजबूत प्लॅस्टिकचा संरक्षक चष्मा घालावा, आणि डोळे खाजले तरी मुठीने जोरात चोळू नयेत.

मोबाइल आणि संगणकामुळे ठिपके तयार होत नाहीत. पांढऱ्या पडद्यावर ते अधिक दिसतात इतकेच. वह्या तपासताना दिवा समोरून प्रखर न ठेवता बाजूने ठेवला आणि पडद्याचा उजेड कमी केला, तर त्रास हलका होईल. तपासणीत दृष्टिपटल सुरक्षित निघाले, तर पुढील काही आठवड्यांत ते दोरे हळूहळू खाली बसतात आणि मेंदूही त्यांची दखल घेणे कमी करतो. बहुतेकांना काही महिन्यांत दिवसाचा बराच वेळ त्यांची आठवणही राहत नाही. दुसऱ्या डोळ्यातही येत्या काही वर्षांत हेच घडण्याची शक्यता असल्याने, तेव्हाही तपासणी तितक्याच तातडीने व्हायला हवी. क्वचित कोणाचे ठिपके इतके दाट असतात की वाचणे वा गाडी चालवणे कठीण होते. अशांसाठी लेझरने गुठळी फोडण्याचा उपचार आहे. अमेरिकेत ५२ जणांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लेझर घेतलेल्यांनी त्रास सरासरी ५४ टक्क्यांनी कमी झाल्याचे सांगितले, तर ज्यांच्यावर लेझरचा नुसता देखावा केला होता त्यांनी ९ टक्क्यांनी. डोळ्यातील द्रव्यच काढून टाकणारी शस्त्रक्रिया अधिक परिणामकारक आहे, पण तिच्यामुळे मोतीबिंदू लवकर येतो आणि क्वचित जंतुसंसर्ग वा दृष्टिपटल सुटणे असे गंभीर धोकेही संभवतात. आपण या टप्प्यावर नाही, आणि निदान सहा महिने तरी यांपैकी कशाचाही विचार करू नये, असे माझे मत आहे.

आपल्या मुलीच्या बाबतीत मात्र आत्ताच करण्यासारखे पुष्कळ आहे. तिचा डोळा अजून वाढतो आहे. बाराव्या वर्षी उणे साडेतीन असलेला नंबर पुढील चार-पाच वर्षांत सहाच्या पुढे जाऊ न देणे, हाच तिच्या उतारवयातील चिरा आणि ठिपके टाळण्याचा आज माहीत असलेला सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. रोज दोन तास उघड्यावर, दिवसाच्या उजेडात घालवणाऱ्या मुलांना मायनस नंबर लागण्याचे प्रमाण कमी असते. तैवानने २०१० पासून शाळांमध्ये रोज १२० मिनिटे मुलांना बाहेर नेण्याचा कार्यक्रम राबवला, आणि अननसापेक्षा त्या देशाकडून आपण हे घ्यायला हवे. आधीच लागलेला नंबर यामुळे उतरत नाही आणि त्याची वाढ रोखण्यातील उपयोगही मर्यादित आहे, तरीही मी तो सल्ला देतोच. वाचताना पुस्तक हातभर अंतरावर असावे, अंधारात अंथरुणात पडून मोबाइल पाहणे बंद व्हावे, अर्ध्या तासाने मान वर करून खिडकीबाहेर दूर पाहण्याची सवय लागावी. चष्मा पूर्ण नंबरचा आणि सतत वापरावा. कमी नंबरचा चष्मा दिला म्हणजे नंबर वाढत नाही, ही जुनी समजूत चुकीची ठरली आहे. नंबरची वाढ मंदावणारे ॲट्रोपिनचे अतिशय सौम्य थेंब आणि खास रचनेची भिंगे आता आपल्याकडेही मिळतात. तिला त्यांची गरज आहे का, हे बाहुली मोठी करून नंबर काढल्यावर आणि शक्य असल्यास डोळ्याची लांबी मोजल्यावर नेत्रतज्ज्ञ ठरवतील. ते थेंब दुकानातून परस्पर आणू नयेत. तपासणीला तिलाही सोबत नेणार असाल तर तिचे मागील सर्व नंबर, चष्म्याच्या जुन्या चिठ्ठ्यांसकट, घेऊन जावेत; दर वर्षी नंबर किती चढला, ते पाहूनच पुढचा निर्णय होतो. फक्त दोघींच्या डोळ्यांत एकाच दिवशी थेंब पडणार असतील, तर घरी परत आणायला तिसरे कोणीतरी बरोबर असू द्यावे.